बँका वाचवण्याचा खर्च नेमका कोणता?

बँका वाचवायला सरकारने किती पैसे घातले, हा विषय निघाला की 700 अब्ज डॉलरचा आकडा हटकून पुढे येतो. 3 ऑक्टोबर 2008 रोजी अमेरिकेत आर्थिक संकटाच्या वेळी मंजूर झालेल्या ‘टार्प’ या बचाव योजनेची ती कमाल मर्यादा. चारच दिवस आधी प्रतिनिधिगृहाने पहिला मसुदा फेटाळला होता आणि शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक 777 अंकांनी कोसळला होता. लोकांचा राग तुलनेतून बाहेर पडला. चंद्रावर माणूस उतरवणारा अपोलो कार्यक्रम तेव्हाच्या किमतीत सुमारे 25 अब्जांत झाला, युद्धानंतर युरोप सावरणारी मार्शल योजना सुमारे 13 अब्जांत. महागाई धरली तरी बँकांचं पारडं जडच.

पण अपोलोचे पैसे खर्च झाले होते. बँकांना दिलेले पैसे सरकारने त्यांचे प्राधान्य समभाग (ठरावीक लाभांश देणारे शेअर) घेऊन गुंतवले होते. 1930च्या दशकात ‘रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन’ या अमेरिकी सरकारी संस्थेने हजारो बँकांच्या बाबतीत हेच केलं होतं. 2010 मध्ये टार्पची मर्यादा 475 अब्जांवर आली, सुमारे 443 अब्ज वाटले गेले आणि अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) अर्थसंकल्प कार्यालयाच्या हिशेबाने अखेरचा तोटा 31 अब्जांच्या आसपास राहिला. तोही मुख्यतः एआयजी ही विमा कंपनी, मोटार कंपन्या आणि घरकर्जदारांच्या मदतीतला. बँकांकडून सरकारला उलट थोडा नफाच झाला.

खरा खड्डा आधीच पडून गेला होता, आणि तो आज फारसा कुणाला आठवत नाही. व्याजदर चढले तसा अमेरिकेतल्या ‘सेव्हिंग्ज अँड लोन’ या ठेवी घेऊन घरकर्ज देणाऱ्या संस्थांना ठेवींवर देण्याचा पैसा जुन्या, स्वस्त घरकर्जांतून सुटेना. त्या दिवाळखोर झाल्या तरी नियामकांनी त्यांना चालू राहू दिलं. विमा उतरवलेल्या ठेवी घेऊन त्या आणखी जोखमीची कर्जं देत राहिल्या. 1986 ते 1995 या काळात हजाराहून अधिक संस्था बुडाल्या. करदात्यांचे सुमारे 124 अब्ज डॉलर गेले, ते परत आले नाहीत.

आयर्लंडची गोष्ट याहून कठोर. सप्टेंबर 2008च्या अखेरीस तिथल्या सरकारने बड्या बँकांच्या जवळपास सगळ्या देण्यांची हमी घेतली. पुढे बँकांत सुमारे 64 अब्ज युरो ओतावे लागले, 2010ची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 30 टक्क्यांवर गेली. त्याच वर्षांत सरकारी पगार आणि कल्याणकारी भत्ते कापले गेले. बँका की भत्ते, ही तुलना तिथे अगदी रास्त ठरते, कारण तिजोरी एकच होती.

अमेरिकेत ‘पैसे परत आले, म्हणजे खर्च झालाच नाही’ असं म्हणणाऱ्यांचा हिशेबही अर्धाच आहे. सप्टेंबर 2008 मध्ये गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी गोल्डमन सॅक्समध्ये 5 अब्ज डॉलर घातले, ते 10 टक्के लाभांशावर. पुढच्याच महिन्यात सरकारने त्याच बँकेला 10 अब्ज दिले, 5 टक्क्यांवर. सरकारने सोडून दिलेला हा फरक खर्चाच्या तक्त्यांत सहसा दिसत नाही.