प्रत्यारोपणाची कथा विज्ञानकथा ठरते का?

'कथासरित्सागरा'तला वेताळ पैठणच्या त्रिविक्रमसेन राजाला एक पेच घालतो. एका बाईच्या हातून घाईत नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर आणि भावाचं नवऱ्याच्या धडावर बसलं. आता तिचा नवरा कोणता? राजा म्हणतो, नवऱ्याचं डोकं ज्या धडावर आहे तो. अकराव्या शतकातला हा ग्रंथ ज्या 'बृहत्कथे'वर बेतला, तिचा कर्ता गुणाढ्य हाही परंपरेनुसार पैठणच्याच सातवाहन दरबारातला. पेच खराच बिनतोड आहे. तरी ही विज्ञानकथा नव्हे, कारण इथे डोकी देवीच्या कृपेने जुळतात.

प्रत्यक्षात शरीर परका अवयव सहजी ठेवून घेत नाही. १९५४ मध्ये बोस्टनला किडनी रुजली ती देणारा-घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते म्हणून. १९६७ मध्ये केपटाऊनला हृदय बदललेला रुग्ण १८ दिवस जगला. लगेच फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तेच धाडस केलं. रुग्ण काही तासांतच गेला. परक्या अवयवाला होणारा शरीराचा विरोध दाबणारं सायक्लोस्पोरीन हे औषध १९८०च्या दशकात वापरात आलं, तेव्हा कुठे चित्र पालटलं.

मग आज जे रोज घडतं, त्यावरची कथा विज्ञानकथा कशी? माझ्या मते घडतं की नाही, ही कसोटीच चुकीची. विज्ञान काढून घेतल्यावर कथेची गाठ सुटते का, एवढंच पाहावं. आईने धाकट्याला किडनी दिली आणि थोरला रुसला, ही भाऊबंदकी; किडनीच्या जागी दोन एकर जमीन ठेवली तरी चालेल.

मेंदूमृत्यूचं, म्हणजे मेंदू कायमचा थांबून आलेल्या मृत्यूचं, तसं नाही. व्हेंटिलेटरवर मुलाची छाती वरखाली होतेय, हात कोमट आहे, मॉनिटरवर ठोके दिसताहेत, आणि डॉक्टर बीडहून आलेल्या बापाला सांगतात, "तो गेला." अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून हे ठरवतं. म्हणजे कायद्यानेही कौल डोक्याच्याच बाजूने दिला. व्हेंटिलेटर येण्याआधी असा बाप, असा क्षण असूच शकत नव्हता. छत्रपती संभाजीनगरहून हृदय मुंबईला विमानाने गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यामागच्या या बापाची कथा मी बेधडक विज्ञानकथेत धरेन. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरला जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय माणसात बसवलं, तो माणूस दोन महिने जगला. यावर मराठीत कुणी लिहिलं, तर तीही त्याच रांगेत.