जिकडे कुणी नाही, तिकडे : बेसबॉलमधल्या चौफेर फटक्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉल सरावाला गेलं की एक गोष्ट हमखास दिसते. उजव्या हाताने खेळणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा असतो. चेंडू प्लेटच्या (फलंदाजाशेजारच्या जमिनीतल्या पाटीच्या) बाहेरच्या, म्हणजे त्याच्यापासून लांबच्या, कडेवरून येतो. पोरगं तो डावीकडे ओढायला जातं, मनगटं लवकर उलटतात आणि चेंडू सरपटत डावीकडच्या क्षेत्ररक्षकाच्या, म्हणजे शॉर्टस्टॉपच्या, हातात जातो. लगेच बाहेरून कुणीतरी ओरडतं, ‘अरे, उजवीकडे मार!’ पुढच्या वेळी तो बॅट उजवीकडे नुसती ढकलतो आणि फटक्यातला जीवच जातो. दोन्ही वेळा समज चुकीचा असतो, तो म्हणजे दिशा हातांनी वळवायची असते हा. खरं तर चेंडू कुठे गाठला यावर दिशा ठरते. आतला चेंडू शरीराच्या पुढे गाठायचा, बाहेरचा जरा आत येऊ द्यायचा. लेट कट पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल. फरक एवढाच की बेसबॉलमध्ये ‘चौफेर’ म्हणजे दोन फाउल रेषांमधला ९० अंशांचा पंखा. त्याच्या बाहेर धाव नाही.

ही विद्या जुनी आहे. १८९७ साली बाल्टिमोर ओरिओल्सच्या विली कीलरने ०.४२४ च्या सरासरीने, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ४२४ यशस्वी फटके (हिट्स) मारत, फलंदाजी केली. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, ताकद बेताची. बॅट वरती पकडून तो चेंडू क्षेत्ररक्षकांमधल्या फटीत टाकायचा. ‘जिकडे ते नाहीत तिकडे मारा’ हे त्याचं म्हणणं आजही मुलांना ऐकवलं जातं. तेव्हाचा चेंडू मऊ असे आणि मळेपर्यंत वापरला जाई. लांब मारण्यात फायदाच नव्हता, म्हणून फट शोधणं हीच फलंदाजी होती.

१९२० मध्ये बेब रूथने ५४ होमरन (सहसा कुंपणापार जाणारा, चारही बेस म्हणजे टप्पे एकदम पूर्ण करणारा फटका) मारले आणि खेळाचा तोंडवळा बदलला. त्याच वर्षी थुंकी लावून चेंडू टाकण्यावर बंदी आली, फलंदाज रे चॅपमनचा डोक्याला चेंडू लागून मृत्यू झाल्यावर मळके चेंडू बदलले जाऊ लागले. आता ओढून मारलेल्या उंच फटक्याला थेट मोल मिळू लागलं आणि कीलरची शाळा मागे पडली.

पण ओढून मारणाऱ्याला किंमत मोजावी लागते, हे १४ जुलै १९४६ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर दिसलं. त्या दिवशी दोन सामने होते. पहिल्यात बोस्टनच्या डावखुऱ्या, म्हणून उजवीकडे ओढणाऱ्या, टेड विल्यम्सने तीन होमरन ठोकले. क्लीव्हलँडचा खेळाडू-व्यवस्थापक लू बूड्रो याने दुसऱ्या सामन्यात क्षेत्ररचनाच उलथवली. पिचर-कॅचर (चेंडू टाकणारा आणि प्लेटमागे झेलणारा) सोडले तर जवळपास सगळे उजव्या बाजूला आणि डाव्या बाजूला एकटा आउटफिल्डर (लांबचा क्षेत्ररक्षक). विल्यम्सला डावीकडे मोकळं रान होतं. तरी तो बहुतेकदा उजवीकडेच मारत राहिला. मला हा हट्ट वाटत नाही. ज्या फटक्यावर आयुष्य उभारलं तो चार दिवसांत बदलत नसतो. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला मात्र त्याने क्लीव्हलँडविरुद्ध चेंडू डावीकडे रिकाम्या जागेत टाकला आणि धावत सगळे बेस पूर्ण केले. बोस्टनने सामना १-० असा जिंकून लीगचं अजिंक्यपद पक्कं केलं. कारकिर्दीतल्या ५२१ होमरनपैकी मैदानातल्या मैदानात धावून काढलेला हा एकच. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन लीगविजेत्यांच्या अंतिम मालिकेत) सेंट लुईसनेही तीच रचना लावली. कोपराला मार बसलेला विल्यम्स २५ प्रयत्नांत ५ हिट्सवर अडकला.

चौफेर फलंदाजीचा खरा पाठ पुढे सॅन डिएगोच्या टोनी ग्विनने घालून दिला. तोही डावखुराच. बेसबॉलच्या धावपत्रकात तिसऱ्या बेसचा क्रमांक ५, शॉर्टस्टॉपचा ६. त्या दोघांमधल्या फटीला तो ‘साडेपाच’ म्हणायचा आणि चेंडू उशिरा गाठून तिथून काढायचा. १९८३ पासून तो स्वतःच्या खेळाचं व्हिडिओ चित्रण तासन्‌तास पाहायचा, तेही बाकी फारसं कुणी करत नव्हतं तेव्हा. आठ वेळा सर्वोच्च सरासरी, ३,१४१ हिट्स आणि २० मोसमांत फक्त ४३४ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद). गंमत म्हणजे त्याला उलटा सल्ला दिला तो विल्यम्सने : आतला चेंडू सोडू नकोस, ओढ. ग्विनने तो मानला आणि १९९७ मध्ये ३७ व्या वर्षी ०.३७२ च्या सरासरीबरोबर कारकिर्दीतले सर्वाधिक १७ होमरन मारले. म्हणजे चौफेर याचा अर्थ ‘नेहमी विरुद्ध बाजूला’ असा नव्हे.

२०१० नंतरच्या दशकात आकडेवारीच्या जोरावर बूड्रोची युक्ती रोजची झाली. शेवटी २०२३ पासून मेजर लीगने (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने) नियम केला की दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर (जवळचे क्षेत्ररक्षक) हवेत. त्याच मोसमात फलंदाज लुईस अराएझने ०.३५४ ची सरासरी काढली, ती कीलरच्या घराण्यातल्या खेळाने.

मुलाला शिकवताना हा इतिहास सांगायची गरज नाही, टी (चेंडू ठेवायची उभी दांडी) पुरेशी आहे. प्लेट १७ इंच रुंद असते. टी आधी आतल्या कडेवर, पुढच्या पायाच्याही पुढे ठेवायची आणि दहा चेंडू मारू द्यायचे. मग ती बाहेरच्या कडेवर, मागे, दोन्ही पायांच्या मधोमध येईल अशी सरकवायची. स्विंग तोच, जोर तोच ठेवायला सांगायचं, दिशेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. चेंडू आपोआप उजवीकडे जातो आणि पोर वळून टीकडे पाहतं.