दुधाची भुकटी आटली तेव्हा

मदतीच्या गोणीत सोयाबीन आलं त्यात त्याच्या गुणांपेक्षा गोदामातल्या तुटवड्याचा वाटा मोठा होता. अमेरिकेने १९५४ मध्ये ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा केला आणि तिथे न खपणारा गहू, मका, दुधाची भुकटी गरजू देशांना जाऊ लागली. साठच्या दशकाच्या मध्यावर भुकटीचे साठे आटले. मग १९६६ साली मका आणि सोयाचं पीठ जास्त, भुकटी थोडी, असं ‘सीएसएम’ (कॉर्न-सोया-मिल्क) हे मिश्रण निघालं. पीठ आधीच अर्धंमुर्धं शिजवलेलं असे. पाण्यात कालवून दहाएक मिनिटं ढवळलं की पेज तयार.

कल्पना नवी नव्हती. हाँगकाँगच्या के. एस. लो यांनी शांघायमधल्या एका भाषणात सोयाबीनला ‘चीनची गाय’ म्हटलेलं ऐकलं आणि १९४० मध्ये स्वस्त सोयादूध बाटलीत भरून विकायला काढलं. लॉस एंजेलिसमध्ये खानावळ चालवणारे क्लिफर्ड क्लिंटन यांनी जीवरसायनशास्त्रज्ञ हेन्री बोरसुक यांच्याकडून सोया घातलेलं कोरडं जेवण बनवून घेतलं. खर्च एका वेळेला तीन सेंट! त्यातूनच १९४६ मध्ये ‘मील्स फॉर मिलियन्स’ ही संस्था उभी राहिली.

शास्त्राची बाजूही भक्कम होती. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन मक्यात कमी, सोयात भरपूर. सोयात मेथिओनाइन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी, ती उणीव मका बऱ्यापैकी भरून काढतो. अडचण होती ती वासाची. भिजवलेले दाणे गार पाण्यात वाटले की एक कच्चट, हिरवट वास सुटतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. तेच दाणे उकळत्या पाण्यात वाटले तर वास निर्माण करणारं विकर आधीच निकामी होतं. शिवाय कच्च्या सोयात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. त्यांनाही नीट उष्णता द्यावीच लागते.

पण त्या काळी सगळं लक्ष प्रथिनांवरच का होतं? सिसिली विल्यम्स या डॉक्टरने १९३३ मध्ये गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, ‘क्वाशिओरकॉर’चं वर्णन केलं. पाठचं भावंड आलं की अंगावरून तुटलेल्या मुलाचा आजार, असा त्या गा भाषेतल्या शब्दाचा आशय. पाय सुजलेली, केस विरळ झालेली ती मुलं पाहून प्रथिनांची कमतरता हाच जगाचा मुख्य आहारप्रश्न ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९५५ मध्ये प्रथिन सल्लागार गट नेमला गेला, १९६८ मध्ये ‘येऊ घातलेल्या प्रथिनसंकटा’चा अहवालही आला.

त्याला आव्हान देणाऱ्यांत आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते. पोटभर अन्नच नसेल तर खाल्लेली प्रथिनं शरीर इंधन म्हणून जाळतं, तेव्हा आधी उष्मांकांचं बघा, असं त्यांचं म्हणणं. आहारतज्ज्ञ डोनाल्ड मॅकलॅरेन यांनी १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या खटाटोपाला सरळ ‘फियास्को’, म्हणजे फज्जा, म्हटलं. १९७७ मध्ये तो गटही गुंडाळला गेला. माझ्या मते मॅकलॅरेन यांनी जरा जास्तच झोडपलं. पण दिशा चुकली होती, हे खरं.

सोयाची प्रतही बराच काळ उंदरांच्या पिल्लांच्या वाढीवरून ठरत होती. अंगभर केस असलेल्या उंदराला गंधकयुक्त अमिनो आम्लं माणसापेक्षा जास्त लागतात, आणि सोयात नेमकी तीच कमी. मग गुण कमी पडणारच. १९९१ मध्ये माणसाच्या गरजेवर आधारलेली पद्धत पुढे आली आणि सोयाचं शुद्ध प्रथिन दुधाच्या जवळ जाऊन बसलं.

मदतीच्या मिश्रणातून मात्र ऐंशीच्या दशकात उरलंसुरलं दूधही गेलं. मका-सोयाचं ‘सीएसबी’ (कॉर्न-सोया ब्लेंड) तेवढं राहिलं. मोठ्यांना ते चालून जाई. तान्ह्यांना पुरेना, कारण पेज पातळ आणि सोयातलं फायटेट हे द्रव्य लोह-जस्त शरीरात शोषलं जाण्यापासून अडवून धरणारं. म्हणून २०१० च्या सुमारास जागतिक अन्न कार्यक्रमाने दोन वर्षांखालच्या मुलांसाठी सुधारित मिश्रण आणलं. त्यात साल काढलेलं सोयाबीन आहे, तेल-साखर आहे आणि दुधाची भुकटीही परत आली आहे.