हरित हॉटेल

हरित हॉटेल : ऊर्जा, पाणी, बांधकाम साहित्य आणि कचरा या सर्व बाबतींत निसर्गावरचा भार कमीत कमी राहील अशा बेताने आखलेले, बांधलेले आणि चालवले जाणारे हॉटेल. या नोंदीत मुक्कामाची सोय असलेल्या नव्या हॉटेलांचा आणि रिसॉर्टचा विचार केला आहे. नुसत्या उपाहारगृहांचा नाही.

कचेरीची इमारत संध्याकाळी बंद होते, हॉटेल रात्रंदिवस चालू असते. रिसेप्शन, मार्गिका, लिफ्ट, शीतगृह आणि पाण्याचे पंप पाहुणे कमी असले तरी थांबत नाहीत. उष्ण हवामानातल्या वातानुकूलित हॉटेलात विजेचा निम्म्याच्या आसपास वाटा एकटी एसी यंत्रणा खाते. त्याखालोखाल गरम पाणी, स्वयंपाकघर आणि धुलाईघर येतात. पाण्याचे मान तर डोळ्यांत भरण्याजोगे आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती वापरासाठी दरडोई दररोज 135 लिटर पाणी धरतात, चार तारांपर्यंतच्या हॉटेलासाठी 180 आणि पंचतारांकित हॉटेलासाठी 320 लिटर. ग्रामीण घरांसाठीच्या जल जीवन मिशनचे उद्दिष्ट 55 लिटरचे आहे. रिसॉर्ट ज्या गावात उभे राहते त्या गावाच्या वाट्याला येणारे पाणी आणि पाहुण्याच्या वाट्याचे पाणी यांतले हे अंतर आहे, आणि हॉटेलाच्या हरितपणाची चर्चा खरे तर इथून सुरू व्हायला हवी.

हॉटेल हरित होणार की नाही हे बहुतांशी पहिला स्लॅब पडण्यापूर्वी ठरते. इमारतीची लांब बाजू कोणत्या दिशेला, खिडक्या किती आणि कुठे, फ्लशला आणि नळाला वेगवेगळे पाइप की एकच, हे सगळे नकाशावर खोडरबराने बदलता येते. इमारत उभी राहिल्यावर एका पाइपाचे दोन करायचे म्हटले तर प्रत्येक बाथरूमच्या टाइल्स उखडाव्या लागतात आणि तेवढे दिवस खोली विकता येत नाही. आपल्याकडे अनेकदा आधी दर्शनी भाग ठरतो, मालकाला तो आवडतो आणि मग एसीच्या सल्लागाराला सांगितले जाते की एवढी काच आहे, आता हे गार करून द्या. तो बिचारा मोठा चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारे मुख्य यंत्र, बसवतो. त्या चिलरचे बिल मग इमारतीच्या आयुष्यभर भरावे लागते. म्हणून आर्किटेक्ट, एसी व प्लंबिंगचे सल्लागार आणि पुढे हॉटेल चालवणारी मंडळी यांना पहिल्या बैठकीपासून एका टेबलाशी बसवणे ही हरित बांधकामाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी होय.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण मुंबईतल्या विलेपार्ले येथील ‘ऑर्किड’चे. देशांतर्गत विमानतळाला लागून असलेले हे हॉटेल उद्योजक विठ्ठल कामत यांनी 1997 मध्ये सुरू केले. पर्यावरणस्नेही हॉटेलांना दिले जाणारे ‘इकोटेल’ प्रमाणपत्र मिळालेले आशियातील ते पहिले पंचतारांकित हॉटेल. त्या काळी भारतात हरित इमारतींसाठी ना संहिता होती ना मानांकन, हे लक्षात घेतले की या प्रयत्नाचे मोल कळते. राखमिश्रित सिमेंट, हलक्या ठोकळ्यांच्या आतल्या भिंती, कपाशीच्या पऱ्हाटीपासून केलेल्या फळ्या, कमी पाण्यात भागवणारे नळ, शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा कूलिंग टॉवरसाठी (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या मनोऱ्यासाठी) आणि बागेसाठी वापर, असे अनेक निर्णय तिथे बांधकामाच्या वेळीच घेतले गेले. गच्चीवरचा पोहण्याचा तलाव खालच्या मजल्याला उन्हापासून वाचवतो. खोलीतल्या नियंत्रण पॅनेलवर एक हिरवे बटण ठेवलेले होते. पाहुण्याने ते दाबले की एसीचे तापमान दोन अंशांनी वर जाई. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंशाने वाढवले की एसीची सुमारे 6 टक्के वीज वाचते. म्हणजे हे बटण दिसते तेवढे किरकोळ नव्हते. पाहुण्यावर सक्ती नाही, पण निवड त्याच्या हाताशी आहे, ही त्यामागची दृष्टी आजही अनुकरणीय आहे.

हवामानाला धरून केलेली रचना हा सगळ्याचा पाया. कोकण आणि गोव्याचे हवामान उष्ण व दमट. इथे उन्हाइतकाच दमटपणा छळतो, त्यामुळे सावली आणि वारा दोन्ही लागतात. कोकणी घराने ही दोन्ही कामे साधलेली आहेत. उंच जोते, भोवती खोल पडवी, पुढे आलेली उतरती पाखी आणि मंगळुरी कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा. भिंत जांभ्या चिऱ्याची. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो आणि उघड्या हवेत राहून टणक होतो. भाजावा लागत नाही आणि लांबून आणावाही लागत नाही.

मात्र जुने घर जसेच्या तसे उचलून त्यात एसी बसवला की फसगत होते, आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी ‘पारंपरिक’ कॉटेजमध्ये नेमके हेच घडते. ज्या फटींनी घर थंड ठेवले त्याच फटींतून गार केलेली हवा निघून जाते आणि बाहेरची ओल आत येते. मग गार भिंतीवर दव धरते, गाद्यांना कुबट वास येतो, कपाटामागे बुरशी चढते. तक्रार आली की कर्मचारी एसी आणखी कमी तापमानावर लावतात आणि दुखणे वाढते. यावरचा उपाय इमारतीचे दोन भाग करण्याचा आहे. जेवणघर, स्वागतकक्ष, जिने आणि मार्गिका उघड्या ठेवाव्यात, पडवीसारख्या, पंख्यांच्या भरवशावर. झोपायच्या खोल्या मात्र नीट बंद होणाऱ्या असाव्यात : कौलांखाली उष्णतारोधक थर आणि पक्के छत, खिडक्यांना रबरी पट्ट्या, ताज्या हवेची मोजून केलेली सोय, आणि बाल्कनीचे दार उघडताच एसी बंद करणारा सेन्सर. उघड्या मार्गिकेमुळे गार कराव्या लागणाऱ्या जागेत मोठी कपात होते आणि पाहुण्याला खोलीबाहेर पाऊल टाकताच आपण कोकणात आल्याची खूणही पटते.

शहरातल्या बहुमजली हॉटेलात ही मोकळीक नसते. तिथे प्रश्न काचेचा. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या 2017 च्या आवृत्तीनुसार, ठरीव निकषांच्या मार्गाने जायचे तर खिडक्यांचे प्रमाण बाहेरच्या भिंतीच्या 40 टक्क्यांच्या आत ठेवावे लागते, आणि उष्ण प्रदेशांत उत्तरेखेरीज इतर दिशांच्या काचेतून उन्हाची 27 टक्क्यांहून जास्त उष्णता आत येता कामा नये. पश्चिमेच्या भिंतीवर खोल्या न ठेवता जिना, लिफ्ट आणि कोठीच्या खोल्या ठेवल्या तर महागड्या काचेची गरजच उरत नाही. भिंतींसाठी आता सिपोरेक्सचे, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या काँक्रीटचे, ठोकळे सर्रास वापरतात. ते विटेच्या तिसऱ्या हिश्श्याइतके हलके असून उष्णतेला कितीतरी जास्त अडवतात. राखमिश्रित सिमेंटमागचा विचारही सरळ आहे : सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे दळण्यापूर्वीचा भाजलेला मूळ घटक, भाजताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तेव्हा क्लिंकर जितका कमी तितके बरे. औष्णिक वीजकेंद्रे असलेल्या महाराष्ट्रात राखेला तोटा नाही.

गरम पाण्याच्या बाबतीत हॉटेलाला एक नैसर्गिक फायदा आहे. चिलर खोल्यांतली उष्णता गोळा करून कूलिंग टॉवरमार्फत बाहेर टाकत असतो आणि त्याच वेळी तळघरातला बॉयलर डिझेल जाळून पाणी तापवत असतो. ती टाकाऊ उष्णता पाण्याला दिली तर आंघोळीचे बरेचसे पाणी जवळजवळ फुकट तापते. उरलेल्यासाठी हीट पंप, म्हणजे आसपासची उष्णता ओढून पाण्याला देणारे यंत्र, वापरावा. तो एका युनिट विजेत तीन-चार युनिटांइतकी उष्णता पाण्याला देतो. वरील संहितेनुसार संहितेच्या कक्षेतल्या हॉटेलांनी गरम पाण्याच्या क्षमतेपैकी किमान 20 टक्के, आणि 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारतींनी 40 टक्के, सौर ऊर्जेतून किंवा अशा परत मिळवलेल्या उष्णतेतून भागवावे लागतात. सौर वीज करायची तर 1 किलोवॅटला साधारण 10 चौरस मीटर सावलीविरहित गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. दहा-बारा मजली हॉटेलाची गच्ची त्याच्या भुकेला पुरत नाही हे यातून दिसते, आणि म्हणून मागणी कमी करण्याचे काम आधीचे.

पाण्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. 1000 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर पाणी होते. किनाऱ्यावर वर्षाचा पाऊस 2500 मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तर 20 लाख लिटर हाती येतात. 100 खोल्यांचे, खोलीत दोघे धरून भरलेले पंचतारांकित हॉटेल 320 लिटरच्या मानाने रोज 64,000 लिटर वापरते. म्हणजे सबंध पावसाळ्याचे छपरावरचे पाणी जेमतेम महिनाभर पुरेल, तेही एवढी मोठी टाकी बांधली तर. पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि पर्यटकांची गर्दी दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत असते. जांभ्यात मुरवलेले पाणीही झऱ्यांवाटे लवकर निघून जाते. म्हणून पाऊसपाणी साठवणे चांगलेच, पण किनाऱ्यावरच्या हॉटेलाची खरी भिस्त सांडपाण्याच्या पुनर्वापरावर असायला हवी. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी फ्लश, बाग आणि कूलिंग टॉवर या तिन्हींना चालते, आणि त्यासाठीच दुहेरी पाइप पहिल्या दिवसापासून लागतात.

हे न केल्यास भार विहिरीवर पडतो. समुद्राकाठच्या पुळणीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. दोन्हींच्या घनतेतल्या फरकामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. उलट बाजूने पाहिले तर उपसा करून ही पातळी अर्ध्या मीटरने उतरवली की खालून खारे पाणी 20 मीटर वर येऊ शकते. रिसॉर्टच्या बोअरने आधी शेजाऱ्याच्या माडांची विहीर मचूळ होते, आणि त्या शेजाऱ्याला टँकर परवडत नसतो.

जागेची निवड याच्याही आधीची. 2019 च्या किनारी नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या भागात भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा 50 मीटरवर आणला, विरळ वस्तीत तो 200 मीटर राहिला. कायद्याने जेवढे जवळ जाता येते तेवढे जावे असे मात्र नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आणि आंजर्ले, गोव्यातील मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वाळूतून बाहेर आलेली पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात आणि रात्रीचा स्वाभाविक उजेड समुद्राच्या बाजूला असतो. हॉटेलाचे प्रखर दिवे समुद्राकडे तोंड करून लावले की पिल्ले उलट वाट धरतात. दिवे बुटके, झाकलेले आणि पिवळसर ठेवण्याला खर्चही फारसा येत नाही. डोंगरावरचे प्रश्न वेगळे; महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून आणि माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने तिथे उतार फोडून सपाटी करण्यावर आणि झाडतोडीवर निर्बंध आहेत.

कचऱ्यात ओला कचरा महत्त्वाचा. 2016 च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांवर ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करणारा ‘निसर्गऋण’ प्रकल्प आणि पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेचे खरकट्यावर चालणारे आटोपशीर बायोगॅस संयंत्र, हे दोन्ही पर्याय आपल्याच मातीत तयार झालेले आहेत. त्यांची जागा नकाशात स्वयंपाकघराच्या मागच्या दाराजवळ राखून ठेवावी लागते.

मानांकनाच्या तीन पद्धती भारतात रूढ आहेत : अमेरिकेतून आलेली ‘लीड’, भारतीय उद्योग महासंघाने 2001 मध्ये हैदराबादेत स्थापन केलेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची, आणि दिल्लीच्या ‘टेरी’ या ऊर्जा संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘गृह’. चेन्नईचे 600 खोल्यांचे आयटीसी ग्रँड चोला हे 2012 मध्ये सुरू होतानाच लीड प्लॅटिनम होते. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनाच्या श्रेणीप्रमाणे 3, 5 किंवा 7 टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळते. विकासकांना हरित इमारतीकडे वळवण्यात या तरतुदीचा उपयोग होतो, पण त्यात एक उणीव आहे. हे सर्व गुण मुख्यतः आराखड्यावर आणि बांधकामावर मिळतात, तर वीज आणि पाणी खर्च होते पुढची चाळीस वर्षे.

हॉटेलांच्या हरित दाव्यांवरची टीका जुनी आहे. ‘निसर्गासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ असे सांगणाऱ्या पाट्या लावून बाकी कारभार तसाच ठेवणाऱ्या हॉटेलांवर अमेरिकन पर्यावरणवादी जे (Jay) वेस्टरवेल्ड यांनी 1986 मध्येच बोट ठेवले होते. प्लॅटिनम मानांकन मिळालेले आलिशान हॉटेलही प्रत्येक पाहुण्यामागे साध्या पंख्याच्या लॉजपेक्षा कितीतरी जास्त वीज वापरू शकते, कारण तुलना त्याच आकाराच्या बेफिकीर हॉटेलाशी केलेली असते. दाव्याची खातरजमा करायची तर दर भरलेल्या खोलीमागे एका रात्रीत किती युनिट आणि किती लिटर गेले, हा आकडा दरमहा काढून जाहीर करावा. त्यासाठी चिलर, धुलाईघर, स्वयंपाकघर, तलाव आणि खोल्या यांना वेगवेगळे वीज व पाण्याचे मीटर लागतात. पावसाळ्यात चादरी उन्हात वाळत नाहीत, ड्रायर दिवसभर फिरतात. ती वाढ एकाच मोठ्या मीटरवर कमी झालेल्या एसीखाली झाकली जाते, वेगळ्या मीटरवर लगेच दिसते. या मीटरांची जागा पॅनेलमध्ये आणि पाइपांच्या शाफ्टमध्ये बांधकाम चालू असतानाच ठेवलेली असावी.