पार्श्वभूमी: १२० ची स्लाईड घरी धुता येते ती कशामुळे

स्लाईड म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट सुलटे रंगीत चित्र देणारी पारदर्शक फिल्म, आणि १२० म्हणजे तिचा सहा सेंटिमीटर रुंद रोल. असा रोल घरी धुणार म्हटले की समोरचा पहिल्यांदा डार्करूमबद्दल विचारतो. १९५० च्या सुमारास हे काम घरी करणाऱ्या अमेरिकेतल्या एखाद्या हौशी माणसाला हाच प्रश्न केला असता, तर त्याने दिव्याकडे बोट दाखवले असते. दिवाही साधासुधा नव्हे, डोळे दिपवणारा फोटोफ्लड. पहिल्या डेव्हलपरमधून, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनातून, निघालेली ओली फिल्म त्या दिव्यासमोर धरायची, दोन्ही बाजूंनी भरपूर उजेड द्यायचा आणि मगच रंगाच्या डेव्हलपरमध्ये सोडायची. उजेड ही तेव्हा स्लाईड धुण्यातली एक ठरलेली पायरी होती.

असे का, हे समजले की पुढचा इतिहास सोपा जातो. स्लाईड फिल्मवर एकावर एक असे निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला जागे होणारे थर असतात. पहिला डेव्हलपर निव्वळ कृष्णधवल असतो. जिथे प्रकाश पडला तिथे तो काळी चांदी तयार करतो, म्हणजे निगेटिव्ह. ज्या कणांवर प्रकाश पडला नाही ते तसेच उरतात. आता त्या उरलेल्या कणांना उजेड दाखवायचा आणि रंगाच्या डेव्हलपरमध्ये टाकायचे. तिथे चांदीबरोबर रंगही तयार होतो. शेवटी ब्लीच आणि फिक्सरने सगळी चांदी काढून टाकली की फक्त रंग राहतो आणि चित्र सुलटे दिसते.

निगेटिव्ह धुतल्यावर काम अर्धेच झालेले असते. पुढे ती कागदावर उतरवायची तर चित्र मोठे करून कागदावर पाडणारा एन्लार्जर हवा, आणि कागदाला अंधारी खोली हवी. डार्करूम खरी लागते ती या दुसऱ्या अर्ध्या कामाला. स्लाईडला तो अर्धा भागच नाही, कारण कॅमेऱ्यात फिरलेली फिल्म हेच अखेरचे चित्र. म्हणून अंधार लागतो तो फिल्म धुण्याच्या बंद टाकीत भरेपर्यंत आणि पहिला डेव्हलपर त्याचे काम संपवेपर्यंत. मात्र या सोयीची किंमत आहे. निगेटिव्हची चूक प्रिंट काढताना सावरून घेता येते, स्लाईडला ती संधी नाही. पहिल्या डेव्हलपरमधल्या सहा-सात मिनिटांत चित्राचा उजळपणा कायमचा ठरतो. माझ्या मते घरच्या स्लाईडचा इतिहास अंधारापेक्षा तापमानाचा जास्त आहे.

सुरुवात मात्र घरगुतीच होती. ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम काच १९०७ मध्ये बाजारात आली. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले सूक्ष्म कण काचेवर पसरायचे आणि त्यावर कृष्णधवल इमल्शनचा, म्हणजे प्रकाशाला जागे होणारा, थर द्यायचा, अशी ती रचना. रंग त्या कणांतच असल्यामुळे धुताना रंगाची रसायने लागत नसत. एकदा डेव्हलप करायचे, पर्मँगनेटच्या आम्लयुक्त द्रावणात चांदी विरघळवायची आणि उजेडात पुन्हा डेव्हलप करायचे. पदरच्या पैशाने छायाचित्रण करणारा हौशी माणूस हे स्वतः करू शके. अल्बेर काँ या फ्रेंच बँकरने जगाचा रंगीत दफ्तरखाना उभारायला छायाचित्रकार पाठवले, त्यांपैकी स्तेफान पासे १९१३-१४ मध्ये भारतात आला. त्याने टिपलेली मुंबईची ऑटोक्रोम चित्रे आजही पॅरिसजवळच्या काँ संग्रहालयाकडे आहेत. त्या काळातली मुंबई रंगांत पाहायला मिळते ती अशा उलटवून धुतलेल्या काचांमुळे.

१९३५ मध्ये कोडॅक्रोम आली आणि हे काम घरातून गेले. ती तयार करणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघे मूळचे वादक, एक पियानोचा, दुसरा व्हायोलिनचा. अंधाऱ्या प्रयोगशाळेत डेव्हलपिंगची वेळ मोजायला ते ठरावीक लयीत शीळ घालत, असे सांगतात. त्यांच्या फिल्ममध्ये रंग घडवणारे रेणू, म्हणजे कपलर, नव्हतेच. ते डेव्हलपरमध्ये होते, आणि प्रत्येक थराला वेगळा डेव्हलपर लागे. पुढच्या सुधारित पद्धतीतही फिल्मला एका बाजूने लाल उजेड द्यायचा, दुसऱ्या बाजूने निळा, आणि प्रत्येक उजेडानंतर वेगळे रसायन. हे काम मोठ्या यंत्रांचे आणि रोज चाचण्या घेणाऱ्या रसायनतज्ज्ञांचे होते, न्हाणीघरातले नव्हे. त्यामुळे कोडॅक फिल्म विकतानाच धुण्याचे पैसेही लावत असे आणि रोल टपालाने तिच्याकडेच परत जाई. १९५४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यानुसार कंपनीला तिथे फिल्मची आणि धुण्याची किंमत वेगळी करावी लागली, इतरांना ते तंत्रही द्यावे लागले. मक्तेदारी मोडली, पण कोडॅक्रोम घरी आली नाही. मिडियम फॉरमॅटवाल्यांना, म्हणजे १२० वापरणाऱ्यांना, तर ती फार उशिरा मिळाली. १२० मध्ये कोडॅक्रोम १९८६ ला आली आणि दहा वर्षांत बंदही झाली. कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या ड्वेन्स फोटो या शेवटच्या लॅबने २०१० अखेर नवे रोल घेणे थांबवले. त्याआधी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना कारखान्यातून निघालेला शेवटचा ३५ मिलिमीटर रोल मिळाला होता. त्यातल्या काही चौकटी त्यांनी मुंबईत खर्च केल्या.

घरी धुण्याचा रस्ता जर्मनीतल्या वोल्फेन गावातून आला. अ‍ॅग्फाच्या तिथल्या कारखान्यात १९३६ मध्ये जी रंगीत फिल्म बाहेर पडली, तिच्यात कपलर थरांतच बसवलेले होते. रुडॉल्फ फिशरने ही कल्पना १९१२ च्या सुमारासच मांडली होती, पण कपलर एका थरातून दुसऱ्यात भटकत आणि रंग गढूळ होत. अ‍ॅग्फाच्या रसायनतज्ज्ञांनी प्रत्येक रेणूला लांब शेपूट जोडले आणि त्याला जागच्या जागी अडकवले. आता तिन्ही रंगांना एकच डेव्हलपर पुरेसा झाला. ज्या दिवशी हे जमले त्या दिवशी स्लाईड तत्त्वतः घरात परतली, असे मला वाटते. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी अ‍ॅग्फाची पेटंटे आणि सूत्रे खुली केली आणि या घराण्यातल्या फिल्म अनेक देशांत निघू लागल्या. वोल्फेनचा कारखाना पूर्व जर्मनीत गेला आणि १९६४ पासून ओर्वो या नावाने माल विकू लागला. हे नाव आपल्याकडे जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वाचलेले अनेकांना आठवेल. ओर्वोक्रोम ही त्याच घरची स्लाईड फिल्म.

कोडॅकने हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवला, कपलर तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांत विरघळवून. त्यातून १९४६ मध्ये एक्टाक्रोम आली. ही कोडॅकची पहिली स्लाईड फिल्म, जी छायाचित्रकार स्वतः धुऊ शकत होता. आधी शीट, म्हणजे सुटे तुकडे, आणि मग लवकरच रोल, असा तिचा क्रम. म्हणजे मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यांना ती सुरुवातीपासून जवळची. १२० चा रोल तर १९०१ पासूनचा, ब्राउनी कॅमेऱ्याबरोबर आलेला. रोलायफ्लेक्स, हॅसलब्लॅड, आपल्या स्टुडिओंतली यशिका-मॅट, सगळ्यांनी तोच वापरला.

आता तापमान. ई-१ पासून ई-३ पर्यंतच्या एक्टाक्रोम प्रक्रिया साधारण २४ अंश सेल्सिअसला चालत. कोडॅकच्या गावी, रोचेस्टरच्या थंडीत ते ठीक. मुंबईत किंवा नागपुरात मे महिन्यात नळाचे पाणीच त्याहून गरम येते. कृष्णधवलसाठी २० अंश गाठायला बादलीत बर्फ टाकण्याचा खटाटोप आपल्याकडच्या जुन्या फोटोग्राफरांना चांगला ठाऊक आहे. तोच खटाटोप इथेही, आणि तो चुकला की इमल्शन मऊ पडून सुटण्याची भीती. १९६६ च्या ई-४ ने तापमान २९ अंशांच्या आसपास नेले. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ई-६ आली आणि आकडा ३८ वर गेला. पुस्तकांत याचे वर्णन कठोर, लॅबसाठीच असलेली प्रक्रिया असे येते. मला ते आपल्या हवेच्या संदर्भात पटत नाही. ३८ अंश म्हणजे अंगाला कोमट लागणारे पाणी. ते थंड करायला बर्फ नको, गरम करून टिकवायचे एवढेच, आणि आपल्या घरात आधीच तीस अंश असताना ते हळू निवते. पहिल्या डेव्हलपरच्या तापमानात चुकायची सवलत मात्र फार कमी, अर्ध्या अंशाहूनही कमी. गीझरचे पाणी, मोठी बादली, चांगला थर्मामीटर आणि अलीकडे पाणी ठरल्या तापमानाला फिरवत ठेवणारा सू-व्हीड हीटर, एवढ्यावर ते साधते.

ई-४ ने दुसरी महत्त्वाची गोष्ट केली. फोटोफ्लड दिव्याचे काम तिने एका रसायनाला दिले. ते रसायन विषारी होते. ई-६ ने त्याऐवजी कथिलाचे लवण असलेला रिव्हर्सल बाथ आणला. आता ओली फिल्म स्पायरलमधून, म्हणजे टाकीत फिल्म गुंडाळून धरणाऱ्या चकतीतून, काढून दिव्यासमोर धरायची गरज उरली नाही. ३५ च्या रोलपेक्षा १२० वाल्यांसाठी ही मोठी सुटका होती, कारण सहा सेंटिमीटर रुंद, ऐंशी सेंटिमीटरहून लांब ओली पट्टी पुन्हा स्पायरलवर चढवणे हे हात थरथरवणारे काम आहे.

टाकीचा इतिहास याला समांतर चालत आला. कोडॅकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उजेडात रोल धुण्याची पेटी विकायला काढली. अ‍ॅग्फाच्या राँडिनॅक्स ६० मध्ये १२० चा रोल उजेडातच भरता येई, मागचा कागद आपोआप बाहेर ओढला जाई. इटलीतल्या लॅब-बॉक्सने २०१७ नंतर तीच कल्पना पुन्हा आणली. पण बहुतेकांच्या घरी आहे ती पॅटरसनची काळी प्लॅस्टिकची टाकी, १२० च्या एका रोलला ५०० मिलिलिटर घेणारी. गुमर्सबाखच्या योबो कंपनीचे फिरते ड्रम त्याहून कमी रसायनात भागवतात आणि तापमानही राखतात, पण ते महाग. पॅटरसनची टाकी भरायला लागते ती फक्त बाह्या असलेली काळी चेंजिंग बॅग. आपल्या पावसाळ्यात मात्र बॅगेत हात घामेजतात, प्लॅस्टिकचे स्पायरल दमट होते आणि रुंद फिल्म मध्येच अडते. जोर केला तर ती दुमडते आणि धुतल्यावर त्या जागी चंद्रकोरीसारखी खूण दिसते. चिकटपट्टी लावलेल्या टोकाकडून भरले तर फिल्म सरळ राहते. हा धडा मला दोन चौकटी गमावल्यावर मिळाला. त्यात एक माझ्या आजीची होती.

एक काळ असा होता की मासिकांची मुखपृष्ठे, कॅलेंडरे, जाहिराती यांसाठी छपाईवाले ट्रान्सपरन्सीच, म्हणजे स्लाईडच, मागत, आणि मुंबईतल्या व्यावसायिक लॅबमध्ये ई-६ ची यंत्रे नियमित चालत. डिजिटल आल्यावर रोल कमी झाले. ई-६ चे यंत्र कमी रोलांवर चालवता येत नाही, कारण रसायन ताजे राहत नाही. घरी धुणे पुन्हा महत्त्वाचे झाले ते या कारणाने. कोडॅकने २०१२ मध्ये एक्टाक्रोम बंद केली, २०१८ मध्ये ई१०० म्हणून परत आणली आणि २०१९ च्या अखेरीस १२० मध्येही दिली. फुजीच्या प्रोव्हिया आणि वेल्व्हियाही याच प्रक्रियेत धुतल्या जातात.

घरगुती संच बहुधा तीन द्रावणांचा असतो: पहिला डेव्हलपर, रिव्हर्सलचे रसायन पोटात घेतलेला रंगाचा डेव्हलपर, आणि ब्लीच-फिक्स एकत्र. टेटेनाल या जुन्या जर्मन कंपनीचा संच बरीच वर्षे सगळ्यांच्या कपाटात असे. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत गेली तेव्हा घरी धुणारे खरोखर घाबरले होते. आता बेलिनी आणि सिनेस्टिल यांचे संच आहेत. ब्लीच आणि फिक्सर वेगवेगळे असलेले संच मला अधिक आवडतात, कारण एकत्र द्रावण लवकर दमते आणि फिल्ममध्ये चांदी मागे राहिली तर रंग मळकट दिसतात. लिटरभर द्रावण एकदा कालवले की ते काही आठवडेच टिकते. म्हणून भरलेले रोल फ्रीजमध्ये साठवून ठेवायचे, सहा-आठ जमले की शनिवार-रविवार धरून एकामागून एक धुवायचे, आणि प्रत्येक खेपेला संचाच्या कागदावर दिल्याप्रमाणे पहिल्या डेव्हलपरची वेळ थोडी वाढवायची.