घरगुती राखीव जनरेटर

वीजपुरवठा खंडित झाल्यावर घरातील निवडक उपकरणे चालू ठेवण्यासाठी वापरला जाणारा, इंजिनावर चालणारा वीजनिर्मिती संच. पेट्रोल, डिझेल किंवा गॅसवर चालणारे इंजिन आणि त्याच्या दांड्याला जोडलेला अल्टरनेटर हे त्याचे दोन मुख्य भाग. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युत चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर अल्टरनेटर चालतो : चुंबकीय क्षेत्र फिरू लागले की तारेच्या वेटोळ्यात वीजदाब निर्माण होतो.

‘किती केव्हीएचा घ्यावा?’ (केव्हीए म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर, जनरेटरची क्षमता मोजण्याचे एकक) हा प्रश्न बहुतेकांच्या मनात सर्वांत आधी येतो. खरे तर तो बराच नंतरचा प्रश्न आहे. वीज गेल्यावर घरात नेमके काय चालू राहायलाच हवे, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता घेतलेला जनरेटर एक तर पंप सुरू करतानाच मान टाकतो, नाही तर इतका मोठा निघतो की चार दिवे आणि दोन पंख्यांसाठी भरमसाट इंधन पितो. म्हणून निवडीची सुरुवात दुकानात न होता घरी, कागद-पेन्सिल घेऊन व्हायला हवी.

भाराचा हिशेब करताना प्रत्येक उपकरणापुढे दोन आकडे लिहावे लागतात : चालताना लागणारी शक्ती आणि सुरू होताना लागणारी शक्ती. दिवे, टीव्ही, राउटर यांच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नसतो. गीझर, इस्त्री, विजेची शेगडी यांना सुरुवातीचा झटका नसतो, पण चालतानाच ती १,००० ते २,००० वॅट किंवा त्याहून जास्त खातात. राखीव विजेवर त्यांना जागा न देणेच शहाणपणाचे. खरी अडचण मोटरची असते. थेट सुरू होणारी इंडक्शन मोटर (पंप, फ्रिज, जुना एसी यांत असते ती) पहिल्या क्षणी पूर्ण भाराच्या साधारण ५ ते ७ पट प्रवाह खेचते. त्या क्षणी जनरेटरचा वीजदाब खाली येतो, इंजिन दबते आणि मग सावरते. जनरेटर काही सेकंद जादा भार सोसू शकतो, म्हणून ढोबळ हिशेबात मोटरच्या चालू वॅटच्या तिप्पट धरण्याची पद्धत आहे. विंधन विहिरीतला पंप किंवा जुना एसी असेल, तर मात्र तिप्पट पुरेलच असे नाही. तिथे उपकरणाच्या माहितीपट्टीवरचा सुरुवातीचा प्रवाह वाचावा किंवा वायरमनकडून क्लॅम्प मीटरने मोजून घ्यावा.

एका घराचे उदाहरण घेऊ. ७५ वॅटचे ४ पंखे, ९ वॅटचे १० एलईडी दिवे, १५० वॅटचा फ्रिज, १०० वॅटचा टीव्ही आणि १० वॅटचा राउटर : एकूण ६५० वॅट. त्यात १ अश्वशक्तीचा पाण्याचा पंप आला. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पण ती मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती. मोटरमधला तोटा धरता पंप विजेच्या बाजूने १,००० वॅटच्या आसपास घेतो. सगळे चालू असताना पंप सुरू केला, तर त्या क्षणी ६५० अधिक ३,००० म्हणजे ३,६५० वॅटची तयारी हवी. बाकी सारे बंद ठेवून आधी पंप सुरू केला आणि तो वेगात आल्यावर इतर उपकरणे जोडली, तर ३,००० वॅटवर भागते. आणि वीज असतानाच टाकी भरून ठेवायची सवय लावून पंप यादीतून काढला, तर दीड ते दोन केव्हीएचा, एका हाताने उचलता येईल असा संच सगळे घर सांभाळतो. यादीतली एक ओळ खोडल्याने यंत्राचे आकारमान, इंधन आणि आवाज तिन्ही बरेच कमी होतात. एसीच्या बाबतीतही असेच होते : कॉम्प्रेसरचा वेग हळूहळू वाढवणारा इन्व्हर्टर एसी छोटा जनरेटर पेलतो, त्याच क्षमतेचा जुना एसी त्याला बंद पाडतो.

क्षमतेचे आकडे वाचताना थोडी सावधगिरी हवी. केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे. शक्तिगुणांक (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या शक्तीचे प्रमाण) ०.८ असेल तर ५ केव्हीएच्या संचातून ४ किलोवॅटच मिळतात. लहान संचांच्या खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो, आणि यंत्र ती काही मिनिटेच देऊ शकते. हिशेब धरायचा तो पट्टीवरच्या सततच्या निर्धारित क्षमतेचा, आणि रोजचा भार तिच्या ७० ते ८० टक्क्यांवर ठेवायचा. समुद्रसपाटीपासून उंचावर हवा विरळ होत असल्याने साध्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला ३ ते ३.५ टक्क्यांनी घटते. १,५०० मीटर उंचीवरच्या घराने सुमारे १५ टक्क्यांची तूट आधीच धरावी. सिंगल फेज घरासाठी थ्री फेज संच घेण्याचा मोह टाळावा. ७.५ केव्हीएच्या अशा संचातून प्रत्येक फेजवर जेमतेम २.५ केव्हीए मिळतात.

‘मोठाच घेऊ, पुढे उपयोगी पडेल’ हा युक्तिवादही तितकासा खरा नाही. डिझेल इंजिन क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी भारावर तासन्‌तास चालले, तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन अर्धवट जळते आणि सायलेन्सरमध्ये काळा तेलकट थर साचतो. इंजिनाचे आयुष्य त्याने कमी होते.

साध्या जनरेटरमध्ये विजेची वारंवारता (सेकंदाला होणारी आवर्तने, हर्ट्झमध्ये) इंजिनाच्या वेगाशी बांधलेली असते. ५० हर्ट्झसाठी दोन चुंबकीय ध्रुवांच्या अल्टरनेटरला मिनिटाला ३,००० फेरे आणि चार ध्रुवांच्या अल्टरनेटरला १,५०० फेरे घ्यावेच लागतात (६० हर्ट्झसाठी ३,६०० आणि १,८००). भार असो वा नसो, इंजिन त्याच वेगाने धावते. १,५०० फेऱ्यांचे संच जड आणि महाग असतात, पण आवाज कमी करतात आणि जास्त टिकतात. वर्षातून मोजकेच तास चालवायचे असेल तर ३,००० फेऱ्यांचा संच पुरतो. रोज काही तास वीज जात असेल तर तो लवकर झिजतो.

इन्व्हर्टर जनरेटरने ही सांगड मोडली. त्यात अल्टरनेटरची वीज आधी एकदिश (डीसी) केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलातून ठरलेल्या वारंवारतेची शुद्ध साइन वेव्ह (मेनच्या विजेसारखी सलग लहर) तयार होते. इंजिनाला भारानुसार वेग कमी-जास्त करता येत असल्याने कमी भारावर इंधन वाचते, आवाज उतरतो आणि संगणक, वैद्यकीय उपकरणे यांना स्वच्छ वीज मिळते. साध्या जनरेटरवर काही यूपीएस (संगणकासाठीचे बॅटरी संच) वीज घेण्याचेच नाकारतात, कारण वारंवारता डळमळताना त्यांना ती बिघडलेली वीज वाटते. ज्या घराचा भार मुख्यतः दिवे, पंखे, फ्रिज आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा आहे, त्याने थोडे जास्त पैसे मोजून इन्व्हर्टर जनरेटरच घ्यावा. मोठ्या मोटर चालवायच्या असतील तर साधा संच अधिक भक्कम ठरतो आणि त्याची दुरुस्तीही सोपी असते.

इंधनाची निवड ते किती काळ साठवता येते यावर बरीचशी ठरते. पेट्रोल काही महिन्यांत शिळे होते आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरते. नेमकी गरज असताना दोरी ओढूनही यंत्र सुरू होत नाही, याचे हे सर्वांत नेहमीचे कारण. डिझेल अधिक टिकते आणि एका युनिटमागे कमी लागते, पण टाकीत पाणी साचले तर त्यात सूक्ष्मजीव वाढून फिल्टर तुंबतो. एलपीजी शिळा होत नाही. मात्र पेट्रोलच्या तुलनेत शक्ती साधारण १० टक्क्यांनी कमी मिळते आणि कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमधून वायू पुरेशा वेगाने सुटत नाही. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर साठवणुकीची चिंता नाही, पण भूकंपासारख्या प्रसंगी विजेसोबत तोही बंद होऊ शकतो.

जागेचा प्रश्न यंत्र विकत घेण्याआधी सुटायला हवा. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर यातले काही जाणवतही नाही. म्हणून जनरेटर घरात, तळघरात, गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त बाल्कनीत कधीच चालवू नये. दार-खिडक्या उघड्या ठेवणे किंवा पंखा लावणे हा त्यावरचा उपाय नाही. यंत्र मोकळ्या हवेत, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर आणि धुराचे तोंड घरापासून (शेजाऱ्यांच्या घरापासूनही) वळवून ठेवावे. झोपण्याच्या खोलीजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक असावा. पावसाळ्यात माणसे यंत्र आत ओढून घेतात आणि अपघात तिथेच होतात, तेव्हा वरून छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या अशी जागा आधीच करून ठेवावी. इतकी जागा नसेल तर जनरेटर घेऊच नये. बॅटरीचा मार्ग धरावा.

जोडणीतली सर्वांत घातक चूक म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीवरच्या सॉकेटमध्ये सोडणे. मेन स्विच बंद करायचा राहिला की ती वीज उलटी वाहत रोहित्रापर्यंत (ट्रान्सफॉर्मर) जाते आणि तिथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो. लाइन बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यात जीव जातो. बाहेरची वीज आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणारच नाहीत, असा चेंजओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घेणे, आणि न्यूट्रल व अर्थिंगची जोडणी त्याच्याकडूनच तपासून घेणे, याला पर्याय नाही. वीज गेल्याचे ओळखून इंजिन आपोआप सुरू करणारे स्वयंचलित चेंजओव्हर १० ते ३० सेकंदांत भार उचलते. घरी वयस्कर किंवा आजारी माणूस एकटा राहत असेल तर ही सोय ऐषआराम नसून गरज ठरते. चेंजओव्हर न बसवता दोन-तीन उपकरणेच चालवायची असतील, तर जाड तारेच्या एक्स्टेन्शनने ती थेट जनरेटरला जोडावीत. बारीक तार तापते, आणि टोकाला वीजदाब उतरल्याने फ्रिजचा कॉम्प्रेसर गुरगुरत राहतो पण सुरू होत नाही.

नव्या यंत्राचे पहिले ऑइल साधारण २० तासांनी आणि पुढचे ५० ते १०० तासांनी बदलावे लागते. तासांचा मीटर असलेला संच त्यासाठी सोयीचा. महिन्यातून एकदा १५-२० मिनिटे, तेही थोडा भार देऊन चालवला की ऑइल सगळीकडे फिरते आणि सेल्फ स्टार्टची बॅटरी मरत नाही. इंधन भरायचे ते इंजिन बंद करून, ते निवल्यावरच.

वीज रोज अर्धा-एक तासच जात असेल तर जनरेटरपेक्षा बॅटरीवरचा इन्व्हर्टर सोयीचा. त्यात आवाज नाही, धूर नाही आणि वीज गेल्याचे कळतही नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज मावते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवणे तिच्या आयुष्याला बरे नसल्याने प्रत्यक्षात एक युनिटभरच वापरावी. वरच्या उदाहरणातल्या घराला, पंप वगळून, ती दीड तासाच्या आसपास पुरेल. वादळानंतर दिवसच्या दिवस वीज नसते तिथे हा साठा तोकडा पडतो, आणि तिथे दोन्हींची जोडी उत्तम चालते : रात्री शांत बॅटरी, आणि दिवसा दोन-तीन तास जनरेटर लावून त्याच वेळेत पंप, फ्रिज आणि बॅटरीचे चार्जिंग. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखे (रुग्णाला हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे) उपकरण असलेल्या घरी तर ही जोडी हवीच, कारण इंजिन सुरू होईपर्यंतची दहा-वीस सेकंदे भरून काढण्याचे काम जनरेटर स्वतः करू शकत नाही.