नारळी पौर्णिमेचे कोळी, कळसूबाईचे कोळी

ऑगस्ट आला की ठाण्यात दोन मिरवणुका ठरलेल्या. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाची, आणि श्रावणी पौर्णिमेला चेंदणी कोळीवाड्यातली नारळाची. 'कोळी' दोन्हीकडे भेटतात, आणि इथेच घोळ होतो. आदिवासी दिनाला एखादी शाळा मुलांना सुरके नेसवते, हाती वल्ही देते आणि मासळीच्या गाण्यावर नाचवते. नाच झकास होतो, पण तो सोनकोळ्यांचा. त्या दिवशी ज्यांची आठवण काढायची, ते महादेव कोळी डोंगरातले.

सोनकोळी आपल्या ओळखीचे. ठाण्याचं चेंदणी, नवी मुंबईत बेलापूरचं दिवाळे: खाडीकाठची गावं, होड्या, जाळी, निवट्या, चिंबोऱ्या. कुलदैवत कार्ल्याची एकवीरा. सरकारदरबारी त्यांची नोंद विशेष मागास प्रवर्गात होते. अनुसूचित जमातींच्या यादीत नाव नाही म्हणून कोणी त्यांना उपरं म्हणू नये. या किनाऱ्यावर त्यांच्याइतकी जुनी वस्ती क्वचितच कुणाची असेल.

महादेव कोळी मात्र अनुसूचित जमातीत येतात. त्यांचा मुलूख म्हणजे मुरबाड, शहापूरपासून घाट चढून अकोले, जुन्नर, आंबेगावपर्यंतचा सह्याद्री. जाळं नाही, होडी नाही; भात, नाचणी, वरई आणि जंगलातला हिरडा. श्रद्धास्थान कळसूबाई. आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते, तेव्हा यांच्याकडे वाघबारस: गुराखी शिवेवरच्या वाघोबापाशी जमतात, खीर शिजवतात, गुरांना राखण्यासाठी त्याला साकडं घालतात. राजवटही होती. आज पालघर जिल्ह्यात असलेलं जव्हार संस्थान मुकणे घराण्याचं. चौदाव्या शतकात सुरू झालेलं हे राज्य १९४८ साली विलीन झालं.

यांच्या इतिहासातलं एक पान तर थेट ठाण्यातलं आहे. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे महादेव कोळी होते. १८४४ च्या सुमारास त्यांनी सावकार आणि कंपनी सरकारविरुद्ध बंड उभारलं. कर्जापायी जमिनी सावकारांच्या घशात जात होत्या, आणि इंग्रजांची कोर्टं त्या कागदांना मान्यता देत होती. बंडकऱ्यांचा राग सावकारांच्या वह्यांवर निघे तो म्हणून. १८४८ च्या जानेवारीत राघोजी पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. तुरुंग तोच, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेल्या किल्ल्यातला. त्या भिंतीवरून रोज रिक्षाने जाणाऱ्या किती ठाणेकरांना हे नाव सांगता येईल? माझ्या मते शाळेच्या कार्यक्रमात वल्ह्यांऐवजी या बंडाचा एक प्रवेश बसवला, तर मुलांना जास्त कळेल.

फरक नुसता हौसेचा नाही. जुन्या दाखल्यावर फक्त 'कोळी' लिहिलेलं असलं, की जमातीचं प्रमाणपत्र पडताळणीत अडकतं. मग कुटुंबांना आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या आणि महसुली नोंदी शोधत फिरावं लागतं, कारण त्यात 'महादेव' हा शब्द सापडला तर दावा बळकट होतो.